जळगावचा कॉम्प्युटर, धुळ्याचा पीएस टू

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो एमएस-सीआयटीच्या पुण्याईने. एमकेसीएलने हा कोर्स २००१ साली सुरू केला आणि दोन-तीन वर्षांत खान्देशात अशी हवा झाली की तो केल्याशिवाय पोराला नोकरी सोडा, बायकोही मिळायची नाही. पप्पांनी गोलाणी मार्केटमधून जुळवलेला पीसी आणला. पेन्टियम फोर, २५६ एमबी रॅम, फुगीर काचेचा मॉनिटर, सोबत यूपीएस आणि या सगळ्यावर आईने शिवलेली झालरीची कव्हरं. त्याच सुमारास धुळ्याला मामांकडे पीएस टू, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन टू, आला. मामांचं आग्रा रोडला कापडाचं दुकान. मालासाठी मुंबईला गेले की पोरांसाठी काहीतरी घेऊन यायचे. त्या खेपेला लॅमिंग्टन रोडवरून तो काळा डबा आणला, तोही आत चिप बसवून घेतलेला, म्हणजे कॉपी केलेली डिस्कही चालावी. आमच्याकडे गेमची अस्सल डिस्क कुणी पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे कॉपीत काही वावगं आहे हेही कुणाच्या मनात येत नसे.

पप्पा काय आणि मामा काय, दोघांनाही गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांच्या त्या दोन खरेद्यांनी पुढची कितीतरी वर्षं मी काय खेळणार आणि मामांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, काय खेळणार हे ठरवून टाकलं. अमुक गेम अमुक मशीनवरच चालणार, याला कंपन्या एक्सक्लुझिव्ह म्हणतात. आमच्यात ‘जळगावचे गेम’ आणि ‘धुळ्याचे गेम’ असं म्हणायची पद्धत होती.

प्रोजेक्ट आयजीआय हा पक्का जळगावचा. २०००च्या शेवटी आला आणि पीसी सोडून कुठल्याही मशीनवर गेला नाही. जगात फार कुणी त्याचं नाव काढत नाही, पण आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये त्याने राज्य केलं. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती, म्हणून शेवटच्या शिडीवर गोळी लागली की सगळं पहिल्यापासून. दादा दिवाळीत जळगावला आला की फराळाआधी त्याला आयजीआय लागायचं. याउलट टेकन फाइव्ह धुळ्याचा. कुस्तीचा ‘हिअर कम्स द पेन’ धुळ्याचा. २००३ साली आलेला हा गेम फक्त पीएस टूवर निघाला आणि रे मिस्टेरिओ, अंडरटेकर यांच्यासाठी जीव टाकणाऱ्या आमच्या पिढीला दुसरा कुठला कुस्तीचा गेम मग पसंतच पडेना. आणि सगळ्यांत धुळ्याचा म्हणजे गॉड ऑफ वॉर.

मे महिन्याची सुट्टी लागली की मी एसटीने निघायचो. एरंडोल, पारोळा आणि मग धुळे, नव्वद-एक किलोमीटर. आईला वाटायचं पोराला मामा-मामीची ओढ आहे. तीही होतीच. मामीच्या हातच्या शेवभाजीला मी आजही नाही म्हणणार नाही. पण एसटीत बसल्या बसल्या डोक्यात क्रेटॉस असायचा. राखेसारख्या पांढऱ्या अंगाचा, तांबड्या पट्ट्याचा, हाताला साखळीने बांधलेली दोन पाती फिरवणारा स्पार्टाचा सरदार. पहिला गॉड ऑफ वॉर २००५च्या मार्चमध्ये आला. सुरुवातच भर समुद्रात, फुटक्या जहाजांवर, तीन तोंडांच्या हायड्राशी. आमच्या जळगावच्या पीसीवर असं काही नव्हतं.

अडचण लोडशेडिंगची. त्या वर्षांत खान्देशात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची, आणि जायची ती वेळापत्रकाप्रमाणे जायची, निदान कागदावर तरी. माझ्या पीसीला यूपीएस होता. वीज गेली की तो टूं टूं करत दहा मिनिटं तग धरायचा, तेवढ्यात सेव्ह करून बंद करता यायचं. पीएस टूला तसलं काही नव्हतं. मामांच्या इन्व्हर्टरवर फक्त दोन पंखे आणि एक ट्यूब, आणि टीव्हीची वायर त्याला जोडायचा प्रस्ताव मामांनी एकदा ऐकून घेतला तो शेवटचाच. गॉड ऑफ वॉरमध्ये मनाला येईल तिथे सेव्ह करता येत नाही, जमिनीतून निघालेला उजेडाचा झोत सापडावा लागतो. दुपारी वीज जायची वेळ जवळ आली की खोलीतल्या सगळ्या पोरांचे डोळे घड्याळाकडे. रिमोट दादाच्या हातात, गल्लीतली चार-पाच पोरं मागे गादीवर, आणि झोत अजून दोन दारं पलीकडे. पट्कन अंधार झाला की कुणीतरी अहिराणीत म्हणायचं, “आते काय करानं?” करायचं काय, पांझरेच्या पुलापर्यंत भटकून यायचं. गेममधल्या हेडिसच्या पाताळातले ते फिरणारे काटेरी खांब आम्ही त्या उन्हाळ्यात किती वेळा चढलो असू याचा हिशोब नाही. त्यात निम्म्या वेळा वीज मंडळाने पाडलं.

त्या गेममध्ये मामीने बघू नयेत अशाही जागा होत्या. त्या आल्या की एकाने दाराशी उभं राहायचं, हा नियम दादाने घालून दिला होता.

दादाच्या एका मित्राने सुचवलं होतं की डिस्कच जळगावला घेऊन जा, कॉम्प्युटरमध्ये टाक. तीही नेली. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ती फिरायची, आतल्या फाइलीही दिसायच्या, पण डबल क्लिक करून चालू होईल असं त्यात काहीच नव्हतं. पीएस टूच्या मुख्य चिपचा वेग साधारण २९४ मेगाहर्ट्झ आणि मेमरी ३२ एमबी. म्हणजे कागदावर माझ्या पीसीची मेमरी आठपट. पण गेम लिहिणाऱ्यांनी तो त्या एका चिपच्या खाचाखोचा ओळखून, तिच्याच भाषेत लिहिलेला. पीसीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. या गोष्टीची एक चांगली बाजू आहे आणि ती मी नाकारणार नाही. एकाच मशीनसाठी काम करायचं असलं की माणसं त्या मशीनचा शेवटचा थेंब पिळून काढतात. ३२ एमबीमध्ये तो हायड्रा बसवणं हे सुतारकामातल्या कसबी माणसाचं काम आहे, आणि पीसीवरच्या ऐसपैस गेममध्ये ती कसोशी मला फार कमी वेळा दिसली.

दोन्ही गावांत चालणारे गेम मोजके होते. एक ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७. दोन्हींकडे तोच गेम, पण पीसीवरचा मेला नाही. कंपनीने त्यानंतर क्रिकेटचा गेम काढलाच नाही, तरी हौशी पोरं दरवर्षी नवे संघ, नवे कपडे, आयपीएलचे लोगो बनवून इंटरनेटवर टाकत राहिली आणि आम्ही ते पॅच पेनड्राइव्हवरून एकमेकांना देत राहिलो. दादाच्या डिस्कमध्ये घरबसल्या अशी ढवळाढवळ करणं जमण्यासारखं नव्हतं. आमच्या जळगावात रोहित शर्मा डबल सेंच्युरी मारत होता तेव्हा धुळ्यात अजून द्रविड कॅप्टन होता.

दुसरा व्हाइस सिटी. मला बरीच वर्षं वाटायचं की हा गेम जन्मापासून पीसीचाच. इकडे तो गल्लोगल्ली होता. दहा रुपयांच्या सीडीवर मिळायचा, सायबर कॅफेच्या प्रत्येक मशीनमध्ये असायचा. खरं तर २००२च्या ऑक्टोबरमध्ये तो आला तो फक्त पीएस टूवर. मायक्रोसॉफ्ट एक्सबॉक्स घेऊन बाजारात उतरते आहे म्हटल्यावर सोनीने जीटीए मालिका काही काळ आपल्याच कन्सोलवर राहावी असा करार केला होता. पीसीवर गेम यायला २००३चा मे उजाडला, एक्सबॉक्सवाल्यांना तर वर्षाच्या शेवटापर्यंत थांबावं लागलं. आमच्यापर्यंत तो पोचला तोवर हे सात महिने केव्हाच विरून गेले होते. जळगावला सगळंच उशिरा यायचं, त्यात कंपनीने मुद्दाम केलेला उशीर वेगळा कसा ओळखणार?

मात्र व्हाइस सिटीनेही आमची दोन गावं एक केली नाहीत. मला चीट कोड तोंडपाठ. पॅन्झर टाइप केलं की आकाशातून पडल्यासारखा रणगाडा समोर. या ज्ञानावर जळगावच्या आमच्या कॉलनीत माझं वजन होतं. धुळ्यात गेलो आणि गल्लीतली पोरं म्हणाली, “टाक ना भो रणगाडा.” रिमोटवर कीबोर्डच नाही! पीएस टूचे कोड वेगळे. हत्यारांसाठी आर वन, आर टू, एल वन, आर टू आणि मग चारी दिशांची बटणं ठरलेल्या क्रमाने, तीही झपाट्याने. दादाची बोटं डोळे मिटूनही ते करायची. पुढे दादा जळगावला आला तेव्हा कीबोर्डपुढे तोही असाच बसून राहिला. एकच शहर, नायक टॉमीही एकच, पण प्रत्येकाची पत दुसऱ्याच्या गावात शून्य.

गॉड ऑफ वॉरचा दुसरा भाग २००७च्या मार्चमध्ये आला. तोवर बाहेर पीएस थ्री विकायला लागला होता, तरी हा भाग पीएस टूवरच काढला, कारण घरोघरी डबा तोच होता. आमच्या पथ्यावर पडलं. पण शेवट! क्रेटॉस टायटनांच्या पाठीवर स्वार होऊन ऑलिम्पस चढायला लागतो, वर झ्यूस, आणि तिथेच पडदा. पुढचं तिसऱ्या भागात, म्हणजे २०१० साली, फक्त पीएस थ्रीवर. तो डबा भारतात आला तेव्हा चाळीस हजारांच्या घरात होता. मामांनी किंमत ऐकली आणि दुकानातल्या पोराला चहा सांगितला. विषय संपला. म्हणजे तोवर मी धुळ्याला जाऊन खेळत होतो, आता दादालाही जायला गाव उरलं नाही. कंपनी तीच, नायक तोच, गोष्ट अर्धी सांगून झालेली, आणि उरलेली अर्धी दुसऱ्या डब्यात. याचा मला जेवढा राग आला तेवढा सोनी-मायक्रोसॉफ्टच्या भांडणाचा कधी आला नाही.

एक्सबॉक्सचं म्हणाल तर आमच्याकडे तो अक्षयकुमारच्या जाहिरातीत पाहिलेला. माझ्या ओळखीत, दोन्ही जिल्ह्यांत, एकाकडेही नव्हता. त्यामुळे हेलो थ्री हा गेम जगात एवढा गाजला तरी आमच्यासाठी तो कुठल्याच गावचा नव्हता.

तिसरा भाग आम्ही पाहिला, खेळलो नाही. मी तेव्हा पुण्याला शिकायला होतो. होस्टेलवर कुणीतरी पूर्ण गेम खेळून यूट्यूबवर टाकलेला, तुकड्यातुकड्यांनी, आणि आम्ही रात्री तो सिरियलसारखा बघितला. दादा तिकडे धुळ्यात सायबर कॅफेत बसून बघत होता. फोनवर बोलणं व्हायचं, पण ते सिनेमा पाहून आलेल्या माणसांचं बोलणं. पोसायडनचे डोळे फोडताना आपली बोटं बटणावर नसली तर ते नुसतंच ओंगळ दिसतं. त्याच होस्टेलवर पहिल्यांदा एम्युलेटर पाहिला. पीसीएसएक्स टू नावाचं सॉफ्टवेअर पीसीला पीएस टूचं सोंग घ्यायला लावायचं. ज्या गेमसाठी मी एसटीचे हेलपाटे घातले तो माझ्या टेबलावर चालू झाला, पण मशीनची ताकद अपुरी, त्यामुळे क्रेटॉस गळ्याइतक्या पाण्यातून चालल्यासारखा चालायचा. अर्ध्या तासात बंद केला.

त्या दिवसांत भारतातही पीएस टूसाठी गेम बनत होते, हे सांगायला हवं, कारण कुणी सांगत नाही. हनुमान: बॉय वॉरिअर २००९ साली हैदराबादेत तयार झाला. देसी अड्डा नावाच्या गेममध्ये कबड्डी होती. शाहरुखच्या रा.वन सिनेमाचा गेम २०११ साली पीएस थ्रीसोबत पीएस टूवरही निघाला. बाहेरच्या देशांत तोवर पीएस टू माळ्यावर गेला होता, आपल्याकडे तो अजून कमावता होता. हनुमान मी दादाकडे खेळलो. गदा फिरवायला मजा यायची, बाकी कठीणच होतं. पण पीसी असलेल्या पोरांना तो देशी असूनही मिळाला नाही, याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, कारण तो कुणी मागितलाच नाही.

मी शिक्षण संपवून जळगावात परतलो, हिशोब-तपासणीच्या कामाला लागलो. दादाने दुकान सांभाळायला घेतलं आणि स्वतःच्या पैशाने पीएस फोर घेतला. मी लॅपटॉप. आता खरं तर दोन्ही मशीनचं आतलं हाड एकच होतं. २०१३च्या पीएस फोरमधली चिप पीसीसारख्याच घडणीची, एएमडीने बनवलेली. पूर्वी एका मशीनचा गेम दुसऱ्यावर नेणं म्हणजे जवळपास नव्याने लिहिणं होतं, आता तेवढं कष्टाचं राहिलं नाही. तरी भिंत होती तशीच उभी. तिच्यातला चुना-सिमेंट आता करारांचा होता. कन्सोलच्या डब्यात कंपनीला फारसं सुटत नाही, कधी पदरचेही घालावे लागतात. खरी कमाई पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या वाट्याची. म्हणून डबा घेण्याचं एक तरी कारण असं हवं की जे दुसरीकडे नाही. हे गणित मला व्यवसायामुळे चांगलं कळतं, आणि दुकानदार म्हणून दादालाही. “एका कंपनीची एजन्सी घेतली की तोच माल ठेवायचा, त्यात काय?” तो म्हणतो. बरोबर आहे. फक्त गिऱ्हाईक म्हणून ते सोसायला लागतं तेव्हा त्यालाही पटत नाही.

फिफा घ्या. दोघांकडे फिफा, दोघांकडे इंटरनेट, आणि आम्हाला एकमेकांशी खेळता येईना. प्लेस्टेशनवाला प्लेस्टेशनवाल्याशी, पीसीवाला पीसीवाल्याशी. २०२२ साली फिफा २३ मध्ये वेगवेगळ्या मशीनवाल्यांना एकत्र खेळायची सोय झाली, दादाने रात्री अकराला फोन केला, “आता ये मैदानात.” बघतो तर पीसीची जोडी पीएस फाइव्हशी लावलेली आणि पीएस फोर वेगळ्या पंगतीला. दादाकडे फोरच. त्या रात्री त्याने कंपनीला ज्या अहिराणी शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

या सगळ्या काळात ज्या गेमने खान्देशातली पोरं खरोखर एका मैदानात आणली तो पबजी मोबाइल. जिओ आलं, स्वस्त अँड्रॉइड फोन आले आणि चाळीसगावचा, शिरपूरचा, रावेरचा पोरगा एकाच स्क्वॉडमध्ये दिसायला लागला. डबा कुठला हा प्रश्नच नाही. तो २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने बंद केला तेव्हा माझा भाचा दोन दिवस जेवला नाही. त्याला मी माझ्या धुळ्याच्या एसटीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “मामा, पण तुम्हाला निदान जायला कुठेतरी होतं.”

त्याच्याच पंधरा दिवस आधीची गोष्ट अजून मजेशीर आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम काढला. सर्कशीत वाढलेली राजी, तिचा धाकटा भाऊ गोलू, त्याला पळवून नेणारे असुर, दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी. भिंतींवर पहाडी शैलीच्या चित्रांचा रंग, मध्येमध्ये सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली कथा. यासाठी लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, स्टुडिओच्या संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकून काम पुढे रेटलं होतं. हे सगळं वाचून मी लॉकडाऊनमध्ये घरी बसलेला, हातात पैसे घेऊन तयार. आणि गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी आला तो फक्त निन्टेन्डो स्विचवर. स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. बाहेरून मागवलेला, महागडा, वॉरंटी नसलेला घ्यायचा तर घ्या. पुण्यात बनलेला गेम जपानी कन्सोलवर आधी अमेरिका-युरोपातल्या पोरांनी खेळला, आणि आम्ही तिथून चारशे किलोमीटरवर बसून त्याचा ट्रेलर बघितला.

यात स्टुडिओला दोष देणं मला जमत नाही. ज्याने घर विकून गेम बनवला त्याला निन्टेन्डोने आपल्या कार्यक्रमात जगासमोर उभं केलं, तर तो काय जळगावच्या लॅपटॉपवाल्यासाठी थांबणार? त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये राजीला पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन मिळालं. लहान माणसाला अशा करारातून व्यासपीठ मिळतं. मोठी कंपनी कोट्यवधी खर्चून तयार स्टुडिओच विकत घेते आणि आधी सगळ्यांसाठी गेम काढणाऱ्याला एका डब्यात कोंडते, ती गोष्ट निराळी. मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर मोजून बेथेस्डा घेतली आणि २०२३ साली स्टारफील्ड काढला तेव्हा प्लेस्टेशनवाल्यांना दाखवलाच नाही. दोन्हींना एक्सक्लुझिव्ह हे एकच नाव आहे म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत.

राजी १५ ऑक्टोबरला पीसीवर आणि पीएस फोरवर एकदमच आला. मी जळगावात घेतला, दादाने धुळ्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकच नवा गेम एकाच आठवड्यात आपापल्या घरी खेळत होतो. गेम छोटा आहे, मारामारी थोडी लंगडी, शेवट तर घाईत उरकलेला. दादा फोनवर म्हणाला, “इथे उडी मारताना कॅमेरा फसवतो का रे?” माझ्याकडेही तिथेच फसवत होता. तक्रार एक असणं यातही सुख असतं.

त्याच सुमारापासून भिंत हळूहळू पडायलाच लागली. सोनीचे मोठे गेम पीसीवर यायला लागले, फक्त उशिरा. २०१८च्या एप्रिलमधला गॉड ऑफ वॉर १४ जानेवारी २०२२ला, स्पायडरमॅन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे दोघेही जवळपास चार वर्षांनी. पुढचा रॅग्नारॉक दोन वर्षांच्या आतच. दादाने हे सगळे आधीच संपवलेले, त्यामुळे माझ्याशी बोलताना त्याची जीभ आवरायची. कुणी मरणार असलं की तो आधीच गप्प व्हायचा आणि मला कळायचं. उशिरा आलेलं नीट येतंच असंही नाही. द लास्ट ऑफ अस २०२३ साली पीसीवर आला तेव्हा चांगल्या-चांगल्या मशीनवर धापा टाकत होता.

भाच्याने गॉड ऑफ वॉर माझ्याच लॅपटॉपवर पाहिला. त्याचा क्रेटॉस म्हणजे दाढीवाला, कमी बोलणारा, मुलाला शिकार शिकवणारा बाप. “मामा, हा एवढा पांढरा का?” त्याने विचारलं. ती राख त्याच्या स्वतःच्या बायको-मुलीची आहे, त्याच्याच हातून मेलेल्या, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने लॅपटॉप बाजूला ठेवला. पहिले तीन भाग पीसीवर आलेले नाहीत. त्याने त्या माणसाचं म्हातारपण पाहिलं आणि तरुणपण त्याला मामाच्या तोंडून ऐकावं लागलं. त्या उन्हाळ्यातल्या जहाजापासून सगळं सांगायचं म्हणजे एक अख्खा रविवार गेला. मध्येच दादाला व्हिडिओ कॉल लावला, कारण हेडिसचे खांब त्याच्याइतके कुणी सांगू शकत नाही.

आता भाच्याच्या गटात जीटीए सिक्सचं चाललं आहे. तो बनवणाऱ्या रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली आहे, पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीचं नावही घेतलेलं नाही. पाचवा भाग २०१३च्या सप्टेंबरमध्ये कन्सोलवर आला आणि पीसीवर २०१५च्या एप्रिलमध्ये, हा इतिहास पोरांना पाठ आहे. गेम पुन्हा व्हाइस सिटीतच घडतो, हे ऐकून दादा आणि मी हसलो. पोरांना हसू आलं नाही. त्यांच्याकडे लाख-लाखाचे लॅपटॉप आहेत आणि ते दीड-दोन वर्षं थांबायला तयार नाहीत. थांबलं तरी तोवर गोष्ट रील्समधून फुटलेली असणार, हेही त्यांना माहीत आहे. म्हणून चौघांनी वर्गणी काढून एक पीएस फाइव्ह घ्यायचा ठरवला आहे. दोन पोरं जळगावची, एक पारोळ्याचा, एक धुळ्याचा. कॉलेज एक असलं तरी सुट्टीत सगळे आपापल्या गावी. डबा कुणाच्या घरी राहणार यावर ग्रुपवर रोज भांडण होतं. माझा भाचा म्हणतो जळगाव, कारण दोघं तिथले. धुळेवाला म्हणतो त्याच्याकडे सोलर आहे, वीज जात नाही. पारोळ्याचा म्हणतो, मी मधे आहे, दोन्हीकडून एसटी येते, माझ्याकडेच ठेवा.